शिकवलेला शब्द

दुपारी तीनच्या सुमाराला शेजारच्या खुर्चीवरून गौहरनं माझ्या कोपराला हात लावला आणि विचारलं, "बेबी, मोंढ्यातून आत्ता कोण बोलत होतं गं? लई ओरडत होता." मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, कुणी बोललं होतं हेच मला माहीत नव्हतं. समोर टेलिफोनच्या बोर्डावर पाहिलं तर दोरीची दोन्ही टोकं बरोबर त्या त्या भोकात बसलेली, बोलणं चालू, आणि माझा उजवा हात पुढच्या दोरीवर तयार होऊन बसलेला. म्हणजे कुणीतरी नंबर मागितला होता, मी रोजच्या आवाजात "नंबर?" म्हटलं होतं, त्यानं सांगितला होता, मी जोडून दिला होता, आणि यातलं काहीच माझ्यापाशी नव्हतं. मी परतूरला होते, आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर. तिथं माझे वडील, दादा, चपला काढत होते आणि मी त्यांना पाणी द्यायला उठत होते. "कुठं गेल्ती?" गौहर म्हणाली. "इथंच आहे की," म्हणून मी हसले, पण मला ते लागलं. चूक झाली असती तर एवढं लागलं नसतं. चुका होतात, व्यापारी शिव्या घालतात, सुपरवायझर बोलतात, आपण दोरी ओढून दुसरीकडे लावतो आणि विसरतो. इथं काहीच चुकलं नव्हतं. माझ्यावाचून माझं काम अगदी नीट झालं होतं, आणि ते मला नीट बघवेना.

नवीन जालन्याच्या या टेलिफोन एक्स्चेंजात मी आले तेव्हा पहिले काही आठवडे रडण्यात गेले होते. काम सांगायला सोपं. कुणाच्या नंबरावरची झडप पडली की तिथं दोरी घालायची, काय पाहिजे विचारायचं, तो सांगेल ते भोक शोधायचं, दुसरी दोरी तिथं घालायची, घंटी वाजवायची, बोलणं संपलं की दोन्ही दोऱ्या ओढायच्या. पण एका वेळी चार झडपा पडतात आणि जालन्याचे व्यापारी नंबर सांगतच नाहीत. "बाई, त्या सरकीवाल्याला लावा." कोणत्या सरकीवाल्याला? तोवर दोऱ्यांचा नुसता गुंता. मी मागच्या नळाशी जाऊन डोळे धुऊन यायची. गौहर माझ्या आधी तीन वर्षं लागलेली, जुन्या जालन्यातून बुरखा घालून यायची, तो खुंटीला अडकवला की तिची जीभ सैल सुटायची. ती म्हणाली, "तू बघू नको. हाताला जाऊ दे." मी चिडून विचारलं, हाताला काय डोळे असतात? "येतात," ती म्हणाली. "जल्दी करू नको, येतात." आणि आले. कोणत्या दिवशी आले ते कळलं नाही, ते कुणालाच कळत नसावं. एवढं आठवतं की एका सकाळी कुणी वकिलांना मागितलं, मी शोधायला मान वर केली, तर दोरी आधीच वकिलांच्या भोकात होती. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी गौहरला उडप्याकडून भजी आणून खाऊ घातली. नंतर घरी कणीक मळताना, एस.टी.त बसल्यावर, बोटं आपली आपण कुठंकुठं जाऊन यायची. मला त्याचा अभिमान होता. मॅट्रिक झालेली, रेल्वेच्या चावीवाल्याची पोर, आणि अख्ख्या बाजाराचं बोलणं हिच्या बोटांतून जातंय, असं मला वाटायचं, आणि का वाटू नये.

पण त्या दुपारी मी हिशेब मांडला. सुरुवातीला नंबर कानात यायचा, मग तो मी तोंडानं म्हणायची, मग डोळ्यांनी शोधायची, मग हात जायचा. करून करून पहिल्यांदा तोंड गळालं. म्हणायची गरज राहिली नाही. मग डोळे गळाले. कान परस्पर हाताला सांगायला लागला. मला वाटायचं, आता हे इथं थांबेल, कारण कान आणि हात यांच्यामध्ये मी आहे, आणि मला कोण काढणार. तर मलाही काढलं होतं. कधी काढलं, किती दिवस मी अशी नसतेच, ते सांगायला साक्षीदार कोण? साक्षीदारच जागेवर नव्हता. पुढचा तासभर मी प्रत्येक नंबर मुद्दाम मोठ्यानं म्हणून, डोळ्यांनी शोधून लावला. तर दोऱ्या अडकायला लागल्या, दोन फोन चुकले, आणि गौहर म्हणाली, "नवीन लागल्यावानी काय करून राह्यली?" मग मी हाताला सोडून दिलं, आणि सगळं पुन्हा सुरळीत झालं.

मी एवढी दचकले ती खरं तर घरी दादा होते म्हणून. त्यांचं नाव पुंजाराम. परतूरच्या लाइनवर त्यांनी चावीवाला म्हणून जन्म काढला. रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून रुळातून चालत जायचं, रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकून बघायच्या, ढिली असेल ती बसवायची. आवाजावरून त्यांना कळायचं. रुळाखालच्या स्लीपरांवर पाय टाकून टाकून त्यांचं पाऊलच त्या मापाचं झालं होतं. बाजारातही तसेच आखूड आखूड चालायचे, आणि माझी माय चांगुणाबाई मागून म्हणायची, "अवो, इथं रूळ न्हाईत." नोकरी संपून वर्ष होत नाही तोच एका सकाळी आंघोळीच्या दगडावरून उठता उठता त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी दोघांना माझ्या खोलीवर जालन्याला आणलं. वाचा गेली म्हणजे अगदी सगळी नाही, एक शब्द उरला होता. बराबर. भूक लागली तरी बराबर, माशी बसली तरी बराबर, डोळ्यांतून पाणी आलं तरी बराबर. संध्याकाळी लाइनवरून आल्यावर मुकादमाला सांगायचा तो शब्द. परतूरहून माणसं भेटायला यायची, "कसं वाटून राह्यलं पुंजाराम?" विचारायची, दादा "बराबर" म्हणायचे, आणि माणसं चहा पिऊन समाधानानं गाडी धरायची. मला मात्र त्या शब्दाचा राग यायचा. मला त्यांचे डोळे बघून कळत नव्हतं की शब्दामागं कुणी आहे, की नुसती चावी ठोकल्यावर निघतो तसला आवाज आहे.

मग पौर्णिमेच्या सकाळी मायनं फोटोपुढं मेणबत्ती लावली, हात जोडले, आणि वंदना सुरू केली. दुसरीच ओळ असेल, आणि बाजेवरून दादांचा आवाज आला. स्वच्छ. पाली शब्द एकामागून एक, कुठं अडखळणं नाही, कुठं तोंड वाकडं नाही. आम्ही दोघी तशाच राहिलो. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा दादा चाळिशीला आले होते, वाचता येत नव्हतं. वस्तीतल्या मास्तरांकडून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी लाइनवर एका स्लीपरला एक शब्द असं म्हणत जायचे. वर्षभर आमच्या घरात दुसरं बोलणं नव्हतं. मी लहान होते, त्यांच्या चुका काढायची आणि ते मुकाट्यानं पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. आता त्याच शब्दांनी माझ्या अंगावर काटा आला. मायनं तोंडात पदर कोंबला. मी बाजेजवळ जाऊन म्हणाले, "दादा? दादा, मी बेबी." ते थांबले नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्रिसरण संपलं, पंचशील संपलं, आणि मग त्यांनी मान वळवली. मी विचारलं, "दादा, पाणी पाह्यजे?" त्यांचे ओठ धडपडले, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि निघालं ते बराबर.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, ते बोलणं नव्हे. हजारदा म्हटलेलं डोक्यात वेगळ्या ठिकाणी असतं, ते राहतं. बोलणं म्हणजे मनातलं शब्दात आणणं, ती वाट मोडलीय. शेजारून दुसरी पाडता येते, पण पायवाट पडते तशीच, जाऊन जाऊन. एकच शब्द धरा, रोज म्हणून घ्या, म्हटला की ती वस्तू लगेच हातात द्या. पहिले काही महिने हातात आहेत, पुढं जे येतं ते फार येत नाही. मायला हे पटलं नाही. घरी येताना सायकलरिक्षात ती म्हणाली, "वंदना म्हंजे बोलणं न्हाई तर काय बकरीचं ओरडणं हाय?" मी म्हणाले, "माय, तोंड म्हणत होतं. दादा नव्हते त्यात." ती म्हणाली, "तुझा हात बोर्डावर आपुन चालतो म्हणतीस. तवा तू नसतीस, मंग पगार कोन घेतं?" मला हसू आलं, आणि रात्री जेवताना त्याचंच वाईट वाटलं. कारण मला दादा पाहिजे होते. ते चालले पाहिजेत असं नव्हतं, उजवा हात उठला पाहिजे असंही नव्हतं. आत ते आहेत, एवढं एकदा कळायला पाहिजे होतं. आणि ते डॉक्टरांच्या त्या थोड्या महिन्यांतच कळायला पाहिजे होतं.

मी पाणी हा शब्द घेतला. सकाळची पाळी असली की दुपारी, दुपारची असली की सकाळी, बाजेसमोर स्टूल घेऊन बसायची. हातात स्टीलचा ग्लास. "दादा, काय पाह्यजे?" मग मी ओठ मिटून दाखवायची, मिटून फट्कन उघडायची. पा. ते बघायचे. ओठ मिटता मिटायचे नाहीत, डावीकडूनच मिटायचे, उजवीकडून लाळ यायची, मी पुसायची. पा. बराबर. न्हाई दादा, पा. बराबर. एकदा त्यांनी स्वतःच्याच डाव्या हातानं ओठ दाबून धरले आणि माझ्याकडं पाहिलं. तेव्हा मी ग्लास खाली ठेवून स्वैपाकघरात जाऊन उभी राहिले. लहानपणी मी त्यांच्या पाठांतरातल्या चुका काढायची ते आठवलं. तेव्हा त्यांना पहिल्यापासून म्हणायला लावताना मला मजा वाटायची. आता मला तीच शाळा परत मिळाली होती. मग मला युक्ती सुचली. वंदनेच्या चालीवर मी म्हणायला लागले, पा-णी, लांबवून, स्लीपरागणिक एक अक्षर असं बाजेच्या लाकडावर बोटानं ठोकत. मायला ते पाप वाटलं. मी म्हणाले, आपल्यात पाप-पुण्य असलं नसतं, तूच सांगत असतेस. ती म्हणाली, "बिलकुल शानी झालीस," आणि दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेले की तीच ठोकायला लागली.

दिवाळीचे फटाकेवाले बसले होते त्या सुमाराला शब्द आला. आधी 'पा', मग बऱ्याच दिवसांनी 'णी', मग दोन्हींमध्ये एवढं अंतर की मध्ये एक मालगाडी जावी, आणि मग एका दुपारी सरळ, चालीवाचून, पाणी. मायनं शेजारी गूळ वाटला. दादांनी सगळा ग्लास पिऊन टाकला आणि रिकामा ग्लास छातीशी धरून बसले. मी एक्स्चेंजात जाऊन गौहरला सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं त्या भरात एका ट्रंक कॉलवाल्याला तीन मिनिटांच्या वर बोलू दिलं. माझंही डोकं ताळ्यावर नव्हतं. झडप पडली, मी दोरी घातली, पलीकडून कुणी बोलेना, आणि माझ्या तोंडून निघालं, "म्हणा, पा..." पलीकडचा गृहस्थ म्हणाला, "बाई, मला सराफ्यात लावा. पाणी आमच्याकडं हाय."

पण गूळ संपायच्या आत लक्षात आलं की दादा सगळ्यालाच पाणी म्हणतात. बराबर गेलं आणि त्याच्या जागी पाणी आलं. ऊन पायावर आलं, पाणी. उशी सरकली, पाणी. परतूरहून माणूस आला, त्यानं कसं काय विचारलं, पाणी. आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हटल्याबरोबर द्या, म्हणून आम्ही देत होतो. नळ एक दिवसाआड यायचा, दुष्काळ सरून दोन वर्षं झाली तरी मायचा हात अजून घागरीवर आखडलेला असायचा, पण दादांना ती ना म्हणायची नाही. "माठाला बूड हाय का न्हाई कळंना," एवढंच पुटपुटायची, आणि मग दिवसभर त्यांची धोतरं धुवायची. मी आतून थंड पडत चालले होते. वाट पाडायला म्हणून मी चालले होते, आणि पडली होती तीही वंदनेच्या वाटेसारखीच, काही विचारलं की आपली आपण निघणारी. विचारलं की ओठ मिटायचे, शब्द निघायचा. माझा हात भोक शोधतो तसे त्यांचे ओठ शब्द शोधत होते, आणि मधे कुणी असलंच पाहिजे असं काही नव्हतं. डॉक्टरांना हे विचारायचं धैर्य झालं नाही. ते म्हणाले असते, चालू ठेवा. मी चालू ठेवलं. पण पहिल्यासारखं नाही. सवय झाली. स्टुलावर बसायचं, काय पाह्यजे विचारायचं, पाणी ऐकायचं, ग्लास तोंडाला लावायचा, पुसायचं, पुन्हा विचारायचं. तोवर मी मनानं कुठंही जाऊन यायची. कधी बोर्डावर, कधी गौहरच्या नणंदेच्या लग्नात, कधी काही न घेता नुसतीच बाहेर.

महिन्याभरानं असेल, सकाळची पाळी करून मी आले. माय दारात उन्हाला बसून तूर निवडत होती. मी पदर खोचला, ग्लास भरला, स्टूल ओढलं. सुपरवायझर म्हणत होते की आता लवकरच हे बोर्ड जातील आणि ज्याचा त्यानं नंबर फिरवायचा असं यंत्र येईल, आणि मी विचार करत होते की मग या बोटांचं काय करायचं, ती कुठं नेऊन सोडायची. थंडगार काहीतरी माझ्या मांडीवर सांडलं तेव्हा मी परत आले. दादांची हनुवटी, मान, बंडी सगळं भिजलेलं. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलेलं होतं आणि माझा हात त्यांच्या गालावर पाणी ओतत होता. ते खोकले. डाव्या हातानं त्यांनी ग्लास ढकलला, इतक्या जोरात की तो फरशीवर जाऊन आदळला. त्यांच्या डोळ्यांत राग होता. लाइनवर कुणी मधूनच चालत आलं तर त्यांना यायचा तसला, सरळ माझ्यावरचा राग.

"न्हाई," दादा म्हणाले.

मी मायकडं पाहिलं. ती सूप हलवतच होती.

"माय, दादा न्हाई म्हणले."

"परवापासून म्हणून राह्यलेत," माय म्हणाली. "तू ग्लास लावला की म्हनतेत. पानी न्हाई, पानी न्हाई. मला वाटलं, आता तू त्ये शिकवून राह्यली."

"मी न्हाई शिकवलं."

मायचं सूप थांबलं. दोन दिवस ते माझ्या तोंडासमोर बोलत होते. मी, जिला कान वापरायचा पगार मिळतो, तिनं त्यांच्या तोंडात पाणी ओतलं होतं. मला लाज वाटली, अशी की कानाच्या पाळ्या गरम झाल्या, आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की मी त्यांच्या ओल्या बंडीवर डोकं ठेवून रडले, आणि तेही त्यांना आवडलं नाही, त्यांनी मला कोपरानं सरकवलं. मायही उठून आत आली आणि तुरीच्या हातांनीच त्यांचे पाय धरून उभी राहिली. बाहेर सूप उलटून तूर सांडली होती, तिकडं कुणी पाहिलं नाही.

मी डोळे पुसले आणि स्टूल जवळ घेतलं. ग्लास उचलला नाही. "मंग काय पाह्यजे, दादा?"

ते शोधायला लागले. कपाळावर आठ्या पडल्या, डावा हात बाजेच्या कडेवरून सरकत गेला, घशात काहीतरी वर आलं आणि परत गेलं. फार वेळ लागत होता. माझे ओठ सवयीनं आधीच 'पा'साठी मिटले होते. ते मी तसेच मिटून ठेवले.